हौदातलं छप्पर

माळ्यावरून ते कापड खाली आलं तेव्हा धप्प असा आवाज झाला आणि सून स्वयंपाकघरातून पळत आली. घराला रंग द्यायचा म्हणून मुलानं माळा रिकामा करायला घेतला होता. पिंप आलं, पाळणा आला, मोडका पंखा आला, आणि सगळ्यांच्या मागं दडून बसलेलं हे शेवटी आलं. काळपट, जाड, घड्यांवर चिरा गेलेलं. सुनेनं पायाच्या बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाली, “आई, हे काय हो? कातडं आहे का?”

“कातडं न्हवं बाई,” मी म्हणलं, “ते आमचं छप्पर हाय. पाय काढ.”

मुलगा म्हणाला, भंगारवाला खालीच उभा आहे, देऊन टाकू. मी पदर खोचला आणि सरळ जाऊन त्या घडीवर बसले. आता दे म्हणलं, मला बी उचलून दे त्याच्या गाड्यावर. तो हसत हसत खाली गेला. सुनेनं माझ्यासाठी चहा टाकला, आणि मी तिथंच बसून तिला सगळं सांगायला लागले.

बसल्या बसल्या वास यायला लागला. आधी करडईच्या कढवलेल्या तेलाचा, मग मेणाचा, आणि मग मातीचा. नांदेडच्या ह्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते, माती कुठली दिसायला. पण डोळे मिटले की मी लातूरला. वैशाखातलं लातूर, डोळ्यांत धूळ, घशाला कोरड, आणि माझं वय असं की कोणी डोळे वटारले तर मी त्याच्या दुप्पट वटारायची.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. सगळ्या गावाला नव्या रंगाचा वास. कचेऱ्यांच्या पाट्या ओल्याच टांगलेल्या, एखादीचा रंग खाली ओघळून अक्षराला शेपूट फुटलेलं. नुसते टाइपरायटर वाजायचे, दिवसभर, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. उस्मानाबादेहून, नांदेडहून, कुठून कुठून साहेब लोक वळकट्या घेऊन उतरायचे आणि खोली शोधत फिरायचे. साहेबांना सापडायची. आमचे हे साहेब नव्हते, एका खात्यात जीपवर ड्रायव्हर होते, बदली होऊन आलेले. लग्नाला वर्ष सुद्धा झालं नव्हतं. सासर हिमायतनगरकडचं, माहेर माझं माहूरच्या गडाखाली. खोली मिळाली तर मी लातुरात यांच्याजवळ राहणार, नाही मिळाली तर हे जीपच्या शेडमध्ये झोपणार आणि मी हिमायतनगरला सासूच्या हाताखाली, सणावारी नवऱ्याचं तोंड बघत. माझा सगळा संसारच त्या एका खोलीत अडकला होता.

आम्ही दोघं मिळून हिंडायचो. मी नवी साडी नेसलेली, यांनी शर्टाला इस्त्री केलेली. घरवाले बोलायला गोड. या बसा, पाणी घ्या, खोली दाखवतो, मोरी हिकडं, खुंटी तिकडं. भाडं ठरायचं. मग दारातून निघता निघता, चपलेत पाय घालताना, हळूच यायचं, “आडनाव काय म्हणलाव तुमी?”

“सोनकांबळे.”

की झालं. कुणाचा पुतण्या यायचा असायचा, कुणाला धान्य ठेवायला खोली लागायची, आणि एका घरी काकूंनी सांगितलं, “कालच दिली की हो ती खोली. इसरलेच मी.” त्या काकू चांगल्या लक्षात राहिल्या. पाणी त्यांनी दिलं होतं आधी, नाव कळायच्या आत. आम्ही फाटकाबाहेर पडलो, मी मागं वळून बघितलं, तर त्या तांब्याभोवती राख लावून घासत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मला दंडाला धरून पुढं घेऊन गेले.

यांच्या खात्यातला एक जण भला माणूस होता. त्यानं सल्ला दिला, आडनाव गाळून टाका, नुसतं मिलिंदराव सांगा, कोण विचारतंय. हे म्हणले, “एकदा गाळलं की रोज गाळावं लागंल. पोरं झाली की त्यांचं बी गाळावं लागंल. मिळाली तर नावानिशी मिळू दे, न्हाई तर राहू दे.” मी मान डोलावली. आत मात्र माझं काळीज हिमायतनगरच्या एसटीत जाऊन बसलं होतं.

आणि मग ती गाडी आली आमच्या नशिबात. खात्यात जुना माल लिलावात निघाला होता. त्यात एक घडीची गाडी होती. दोन चाकांची पत्र्याची पेटी, जीपच्या मागं जोडायची. सर्वेवाले रानात मुक्काम करायचे तेव्हाची. झाकण उघडून दोन्हीकडं पाडलं की त्याच्या दोन फळ्या होतात झोपायला, आणि आतल्या लोखंडी कमानी वर ओढल्या की त्यांच्याबरोबर कापड उभं राहतं. बघता बघता खोली. यांनीच ती कितीदा जीपला जोडून ओढली होती, तिची नस न् नस त्यांना माहीत. भंगाराच्या मोलानं मिळाली, कारण कापड गेलेलं होतं, दुसरं कुणी तिच्याकडं बघेना. हे मला म्हणाले, “खोली न्हाई मिळाली, पण चाकावरची मिळाली. चालंल का?”

“चाकावरची लई चांगली,” मी म्हणलं. “कुणी हाकललं तर आपलं आपण निघता येतंय.”

लावायची कुठं, तर शिवलिंगअप्पांनी जागा दिली. अप्पांचा तेलाचा घाणा होता. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगाला कायम तेलाचा वास. गल्लीत त्यांचा एक रिकामा प्लॉट पडून होता, आत बाभळीचं एक झाड आणि जुना बांधीव हौद, भिंतीला वरून खाली तडे गेलेला, कुत्री सावलीला बसायची त्यात. अप्पांनी नाव विचारलं नाही. यांनीच आपण होऊन सांगितलं, पुढं कटकट नको म्हणून. अप्पा म्हणले, “बरं. तेल कोणचं खाता? करडई का शेंगदाणा?” त्या माणसाला जगात तेवढाच भेद माहीत होता. मी करडई म्हणलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

आता गंमत बघा. प्लॉटाच्या भिंतीला भिंत लागून घर कुणाचं, तर त्याच काकूंचं. जी खोली त्यांनी “कालच दिली” होती, तिची खिडकी आमच्या गाडीवरच उघडायची. आत कोणी नव्हतं. कुलूप होतं दाराला, आणि चैत्र सरला, वैशाख आला तरी ते कुलूपच होतं.

कापडाची दशा विचारू नका. दुपारी आत उभं राहिलं की डोक्यावर नुसती चाळणी, भोकाभोकातून ऊन उतरलेलं. मी कोळसा घ्यायची आणि जिथं जिथं उजेड दिसेल तिथं आतून काळी खूण करायची. मग हे जीपच्या फाटक्या हुडाचे तुकडे घेऊन बाहेरून लावायचे. मी आतून दाभण टोचायची, हे बाहेरून ओढायचे, पुन्हा आत टोचायचे. मध्ये कापड, एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसतं दाभणाचं टोक येतंय जातंय. एकदा माझ्या बोटात गेलं तर बाहेरून आवाज आला, “बोल ना गं, मला वाटलं कापडाची गाठ आली.” नवीन लग्नातलं बोलणं आमचं असं कापडाच्या आरपार चालायचं.

भोकं बुजली तरी विणीतून पाणी झिरपणारच. बाजारात एक डबा मिळायचा, हैदराबादेहून येणारा, लावला की थेंब आत यायचा नाही. दुकानदारानं किंमत सांगितली आणि यांनी डबा दोन्ही हातांनी परत ठेवला. मग मला माझ्या आजोबांची मोट आठवली. पाटलाच्या विहिरीवरची मोट शिवायची, भिजवायची, तेल पाजायची ती कामं आजोबांकडं असायची. ते करडईचं तेल कढवून कढवून दाट करायचे आणि मोटेच्या चामड्याला चोळायचे. मोट वर्षभर पाण्यात राहायची, फुगायची नाही, गळायची नाही. मी म्हणलं, चामड्याला चालतंय ते कापडाला का चालू नये?

अप्पांकडं डब्यांच्या तळाचा गाळ होता, खाण्याच्या कामाचा नाही. न्या म्हणले, उंदरं तरी कमी होतील. राहिलं मेण. माझ्या माहेरच्या विहारात दर पौर्णिमेला वंदनेला मेणबत्त्या लागायच्या, आणि विझलेल्या तुकड्यांचं करायचं काय म्हणून आई ते एका डब्यात जमा करायची. टाकून द्यायला तिचा जीव धजायचा नाही, मूर्तीपुढं जळालेलं म्हणून. मी निरोप धाडला आणि माहूरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरानं तो डबा सीटखाली घालून आणून दिला. उघडला तर आत पांढरे, पिवळे, काजळलेले तुकडे, कुठं वातीची राख, कुठं उदबत्तीची काडी चिकटलेली. किती पौर्णिमा होत्या त्या डब्यात कोण जाणे. माझ्या लहानपणी लावलेली मेणबत्ती बी असंल त्यात एखादी.

तीन दगड मांडून तेल कढवायला ठेवलं. आई गं, काय तो वास. आधी साधा तळणाचा, मग कडू, मग डोळ्यांतून पाणी काढणारा. तेल काळं होत गेलं, काडीला तार सुटायला लागली. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. काकू भिंतीवरून डोकावल्या आणि नाकाला पदर लावून विचारलं, “काय जाळून राहिले हो तुमी?”

“छप्पर करून राहिले, काकू.”

“पावसाचा पत्ता न्हाई आन् छप्पर.” असं म्हणून त्या गेल्या, आणि दिवसभर गल्लीला तेवढंच काम मिळालं. विहिरी आटल्यात, हापशाचा दांडा वरखाली करून नुसता खडखडाट येतोय, गुरं चाऱ्याला महाग झालीत, आणि ही बया पावसाची तयारी करतेय. जो तो येता जाता चेष्टा करायचा. छत्री बी घेऊन ठेवा, होडी बी करून घ्या. मी तेवढ्यास तेवढं उत्तर द्यायची. होडी झाली की सगळ्यात आधी तुमाला सोडते गावाबाहेर, असं.

चूक झाली ती माझ्याच घाईनं. डब्यातलं मेण अर्धंच टाकायचं होतं. मला वाटलं, जितकं जास्त तितकं घट्ट, आणि सगळं ओतलं. जुन्या लुगड्याच्या बोळ्यांनी दोघांनी मिळून कापड चोळलं, उभं केलं, लांबून बघितलं, वा. दुसऱ्या दिवशी लातूरचं ऊन वर आलं आणि छपराला घाम फुटला. टपटप मेण खाली. उशीवर मेण, पिठात मेण, माझ्या केसांत मेण. भाकरी उचलावी तर ती हातातून निसटायची इतकी माझी बोटं तुळतुळीत झालेली. कापडाला हात लावला की हात तिथंच. माशा बसायच्या आणि बसलेल्याच राहायच्या. मी विंचरत असताना यांनी केसांतून मेणाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्यातच वावटळ आली. वैशाखातल्या वावटळी तुम्हाला माहीत आहेत, काळ्या रानातून उठतात आणि गावावर येऊन आदळतात. गल्लीत दारं धडाधड वाजली. ती गेली तेव्हा आमचं छप्पर ओळखू येईना. वीतभर जागा सुटली नव्हती, सगळीकडं काळी माती चिकटलेली, पीठ लावल्यासारखी. मी तिथंच मातीत बसले आणि रडले. दुःखानं नव्हे, रागानं. वाटलं, हा सुद्धा विचारूनच आला वाटतं वारा, आडनाव काय म्हणून.

हे केरसुणी घेऊन झाडायला गेले आणि थांबले. माती निघेना. तेलानं, मेणानं ती धरून ठेवली होती. बोटानं चोळून बघितलं तर चिकटपणा गेलेला, खाली घट्ट, कोरडी, गुळगुळीत साय आल्यासारखी. “ये हिकडं,” त्यांनी मला हाक मारली. मग काय, मी रडणं सोडलं, सुपानं माती पाखडून घेतली आणि जिथं थर विरळ होता तिथं आम्ही दोघांनी हातानं माती चोळली, संध्याकाळपर्यंत. त्यानंतर ऊन कितीही होऊ दे, छपरानं पुन्हा घाम टाकला नाही. परीक्षा घ्यायला पाणी कुठलं, भांडी धुतलेलं राखेचं पाणी तेवढं होतं. ते वर ओतलं. पाणी गोळा होऊन घरंगळत खाली आलं आणि मी ते खाली बादलीत पुन्हा धरलं. आतून हात लावला तर कोरडं. मी यांच्याकडं बघितलं, यांनी माझ्याकडं, आणि आम्हाला दोघांनाही हसू आवरेना.

पण पाऊस आला तर ना. मृगात शिंतोडे, आषाढात वारा, श्रावणात नुसतं ऊन-सावली. आमचं छप्पर सज्ज होऊन आभाळाकडं बघत बसलं. भादव्यापर्यंत गल्लीला टँकरशिवाय पाणी उरलं नाही. टँकर आला की काय ती झुंबड. घागरी घागरींवर आपटायच्या, पाइपाच्या तोंडाशी बायका चिंब व्हायच्या आणि अर्धं पाणी रस्त्याला जायचं. रज्जाकभाई टँकरवाले वैतागून गेले होते. एके दिवशी त्यांनी गाडी थांबवली पण पाइप काढलाच नाही. काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाले, “मला असं थांबायला फुरसत न्हाई. हौद हाय का कुणाकडं? हौद असंल तर एकदम टाकून जातो. न्हाई तर मागच्या गल्लीत हौद हाय, तिकडंच देतो इथून पुढं.”

सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हौद कुणाकडं असणार. रज्जाकभाईंनी गाडी सुरू केली, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “हाय. हौद हाय. वळवा गाडी.”

“ह्यो?” एक जण म्हणाली. “फुटका? तड्यातून तर आतलं कुत्रं बी दिसतंय.”

हे ड्यूटीवर होते. विचारायला कोणी नव्हतं, आणि विचारत बसले असते तर टँकर गेला असता. मी आमच्या गाडीवर चढले आणि माझ्या घराचं छप्पर सोडायला लागले. दोऱ्या सोडल्या, कमानीवरून कापड ओढलं. जड, एकटीला ओढेना. बघत उभ्या होत्या त्यांना मी म्हणलं, “तमाशा हाय का? धरा की एकेक कोपरा.” पाच-सहा जणी पुढं झाल्या. माती चोळलेली बाजू खाली घालून हौदात कापड अंथरलं, दाराकडची फट वर काठाशी बांधली आणि कडेनं दगड ठेवले. रज्जाकभाईंनी पाइप सोडला.

पाणी पडायला लागलं तेव्हा कापड कण्हलं. खरंच, तसाच आवाज आला. तळाशी दबलं, कोपऱ्यात गेलं, भिंतीला टेकलं. पाणी चढत गेलं. मी बाहेरून तड्याजवळ जाऊन उकिडवी बसले आणि हात लावला. आता ओल येईल, मग येईल. सगळी गल्ली माझ्या हाताकडं बघत होती. कोरडं. ठणठणीत कोरडं. माझ्या आजोबांचं तेल, माझ्या आईच्या पौर्णिमा, आणि वावटळीची माती, तिघांनी मिळून अख्खा टँकर पोटात धरला होता. रज्जाकभाई पाइप गुंडाळताना म्हणले, “कमाल हाय, भाभी.” तेवढं एक वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं.

पण कुणी पुढं होईना. घागरी कमरेवर, नजर पाण्यावर, पाय जमिनीला खिळलेले. कारण मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. मग मी दोर आणि बादली काठावर ठेवली आणि मोठ्यानं सांगितलं, “पाणी सगळ्या गल्लीचं हाय. ज्यानं त्यानं आपल्या हातानं काढायचं. मी कुणाला वाढून देणार न्हाई. आन् माझा हात लागलाय म्हणून कुणी सांडायचं बी न्हाई. मीच बांधलाय ह्यो हौद, माझा हात सगळीकडं लागलाय.”

मग अप्पांची बायको पुढं आली, बादली सोडली आणि घागर भरली. मग दुसरी, मग तिसरी. संध्याकाळी हे घरी आले, तर गाडीवर नुसत्या कमानी, बरगड्या उघड्या पडाव्यात तशा. “छप्पर?” त्यांनी विचारलं. मी म्हणलं, “हौदात हाय.” ते हौदापाशी गेले, बघून आले, फळीवर बसले आणि एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर आम्ही कमानींवर लुगडी बांधून राहायला लागलो. पाऊस नव्हताच, मग अडतंय कुठं.

एक काकू तेवढ्या आल्या नाहीत. आम्ही त्या पाण्याला शिवत नाही, असं त्यांनी चार जणींत सांगितलं होतं. राहू दे म्हणलं, घसा त्यांचा. पण त्या पाण्याला एक खोड होती. गाळून, उकळून घेतलं तरी करडईचा वास यायचा, हलकासा, पण यायचा. गल्लीभर सगळ्यांच्या चहाला, वरणाला तोच वास, आणि लोक सरावले होते. एका दुपारी मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते. पलीकडं काकूंच्या ओसरीवर त्यांचे गावाकडचे पाहुणे बसलेले. कपबशीचा आवाज झाला, एक फुरका ऐकू आला आणि पाहुणा म्हणाला, “वहिनी, चहाला तेलाचा वास येऊन राहिला हो. करडईचा.”

मी ओलं लुगडंच तोंडात कोंबलं, नाही तर हसण्यानं भिंत पडली असती. धुणंवालीच्या हातून लपून छपून नेत होत्या तर बाई. दुसऱ्या दिवशी भर सकाळी काकू स्वतः घागर घेऊन हौदावर आल्या. माझ्याकडं न बघता म्हणल्या, “तुझ्या पाण्याला वास येतो.”

“हाव काकू,” मी म्हणलं. “हळूहळू सवय होती. झालीच असंल म्हणा.”

त्यांचे कान लाल झाले. पण घागर भरली त्यांनी, स्वतःच्या हातानं, सगळ्यांदेखत.

सुनेनं एवढं ऐकून चहाचा कप माझ्या हातात दिला आणि खाली फरशीवरच मांडी घालून बसली. म्हणाली, “पण आई, मग पाऊस आला तेव्हा?”

तेच तर सांगते. घटस्थापना होऊन गेली होती. त्या दिवशी सकाळीच रज्जाकभाई हौद काठोकाठ भरून गेले होते आणि आता आठवडाभर यायचे नव्हते. दुपार टळली आणि निलंग्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसेना. मग गार वारा आला, बाभळीची पिवळी फुलं उडाली, आणि लांबून पावसाचा आवाज ऐकू यायला लागला. आमच्या डोक्यावर दोन लुगडी, खाली गोधड्या, पीठ, चूल, ट्रंक, सगळा संसार. हे पळत हौदाकडं गेले आणि काठावरचा पहिला दगड उचलला. “कापड काढतो. धर तिकडून.”

मी बघितलं तर गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात उभ्या. कुणी काढा म्हणेना, कुणी राहू द्या म्हणेना. म्हणणार तरी कशा. छप्पर आमचं होतं. पण कापड ओढलं की सगळ्यांचं आठवड्याचं पाणी तड्यातून रस्त्याला लागणार होतं, आणि पाऊस किती पडेल, पडेल का नुसता गरजून जाईल, देव जाणे. तसा तो वर्षभर आम्हाला फसवतच आला होता.

“राहू द्या,” मी म्हणलं.

“वेडी हायस का? सगळं भिजंल.”

“भिजू द्या. वाळंल. पाणी गेलं तर परत न्हाई येणार.” आणि खरं सांगते, नुसतं पाण्याचं नव्हतं ते. तो दगड उचलला असता तर आम्ही पुन्हा प्लॉटावरची तंबूवाली माणसं झालो असतो. त्या हौदानं आम्हाला गल्लीतलं केलं होतं, आणि ते मी कोरड्या गोधडीसाठी देणार नव्हते. यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि दगड जागेवर ठेवला.

पाऊस आला तो असा की समोरचं दिसेना. लुगडी एका झटक्यात खाली आली. हे पिठाचा डबा पोटाशी धरून उभे, मी ट्रंकेवर गोधडी टाकून तिच्यावर आडवी पडलेली, दात एकमेकांवर वाजतायत, आणि हौदात धो धो पाणी पडतंय, काठावरून उतू जातंय. थंडीनं मेले होते मी, पण त्या उतू जाणाऱ्या पाण्याकडं बघून मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

भिंतीतलं फाटक वाजलं. काकू डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चिखलातून येत होत्या. जवळ येऊन उभ्या राहिल्या. तोंडावरून पाणी निथळत होतं.

“खोली रिकामी हाय,” त्या म्हणल्या.

माझा स्वभावच मेला वाईट. दात वाजत होते तरी मी विचारलंच, “दिली होती ना कुणाला?”

काकूंनी खाली बघितलं. “कुणालाच न्हाई दिली. चल आता, भांडू नको पावसात.”

हे म्हणले, “पावसापुरती नको, काकू. भाड्यानं देत असाल तर येतो. नावानिशी.”

“भाड्यानंच म्हणून राहिले मी,” काकू चिडून म्हणल्या. “सोनकांबळे बसलेत माझ्या भिंतीला टेकून भिजत, आन् मी खिडकीतून बघत बसू का? सगळी गल्ली बघतीय.”

मी उठले. ट्रंक उचलायला वाकले तर पाण्यानं ती अशी जड झालेली की हलेना. यांच्या हातात पिठाचा डबा. तेव्हा काकूंनी डोक्यावरची खोळ फेकून दिली, पदर कमरेला खोचला आणि वाकल्या. दारादारांतून गल्ली बघत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत सोनकांबळ्यांची ट्रंक त्या घराच्या उंबऱ्यावरून आत गेली, एका कडीला मी आणि दुसऱ्या कडीला काकू.